ऑफिस: गोरेगाव, फारच ईस्ट

पुण्याच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. तिथला सांगण्यासारखा किस्सा विचाराल, तर एकदा लिफ्ट अडकली होती. बस्स! आणि गावी येऊन घरून काम सुरू केलं, तर रोज दुपारच्या जेवणाआधी एखादा घडतोच. कोणाला सांगू आणि किती सांगू असं झालंय. आता विषय निघालाच आहे तर ऐका.

आमच्या गावाच्या नावातच घोळ आहे. गोरेगाव, जिल्हा गोंदिया. पण ऑफिसात 'जिल्हा' कोण ऐकतो?

एकदा एचआरच्या मुलीचा फोन. "सर, तुम्ही गोरेगावला असता ना? तुमचा नवा लॅपटॉप मुंबई ब्रँचला आलाय. लंचच्या आधी येऊन घेऊन जा."

"लंचच्या आधी नाही जमणार."

"का? ईस्टला आहात की वेस्टला?"

"ईस्टला. फारच ईस्टला!"

"फारच म्हणजे?"

"म्हणजे अजून थोडं पुढे गेलं की छत्तीसगड लागतं."

*

इकडे गावाला वाटे, माझी नोकरी गेली. दिवसाढवळ्या धडधाकट माणूस घरात बसतो, म्हणजे दुसरं काय असणार! शेजारचे तुकारामकाका एक दिवस अंगणात येऊन हळूच म्हणाले, "काऊन बाबू, काढून टाकलं का तुले?"

"नाही काका, घरूनच काम करून राहिलो."

"अस्सं! अन् मालक कोठी राहते?"

"पुण्याला."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, आणखी जवळ सरकले. "त्याले माहीत आहे का, तू इथं आहेस म्हणून?"

*

आईला मीटिंग हा प्रकार पटत नाही. भर मीटिंगमध्ये तिनं भात आणि पालेभाजीचं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. मी हातानं खूण केली, नंतर. ती हलेना. शेवटी मी सांगितलं, "आई, मीटिंग चालू आहे!"

"मंग? बोलून तर तो टकला राहिला. तुझं तोंड रिकामंच आहे ना?"

जेवलो. काय करणार!

*

आत्याकडे लग्न होतं, नवेगाव-बांधला. सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे लॅपटॉप सोबत. नेटवर्क फक्त तिथल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. तिथेच दगडावर बसलो. बाजूला ढिवर लोकांनी नुकती काढलेली मासळी विकायला मांडली होती.

मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजर, मुग्धा मॅडम, विचारत होत्या, "फाईल आज पाठवायची की उद्या?"

मी तोंड उघडायच्या आत मागून खणखणीत आवाज आला, "आजच न्या जी! उद्या वास मारंन!"

मग मॅडम म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. आजच पाठवा."

*

मध्ये एकदा पुण्याला बोलावलं. म्हणे, टीमचा जिव्हाळा वाढला पाहिजे. एसी, फिरती खुर्ची, मशीनची कॉफी. सगळे कानाला हेडफोन लावून बसलेले. शेजारच्या स्नेहलला मी विचारलं, "जेवलीस का?" तिनं मान न वळवता चॅटवर उत्तर पाठवलं.

दुपारी बाबांचा फोन आला. "काय करून राहिला तिथं?"

"मीटिंग आहे."

"कोणासोबत?"

"अर्धे लोक घरून काम करतात, त्यांच्यासोबत."

बाबा म्हणाले, "म्हणजे घरी बसलेल्या लोकांसंगं बोलायले तू घर सोडून तिकडं गेला? कायले?"

*

आता हा शेवटचा.

कंपनीनं फर्मान काढलं, सगळ्यांनी पुण्याला परत यायचं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आईला एकटीला धानाची शेती झेपणारी नव्हती. मी मुग्धा मॅडमला विनंती केली. त्या म्हणाल्या, "घरी राहून तू ढिला पडलास. क्लायंटसमोर बोलतच नाहीस. आजची मीटिंग होऊ दे, मग ठरवते."

क्लायंट म्हणजे कोल्हापूरकडचा एक कारखानदार. त्याच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. माणूस असा तापट की त्याच्यासमोर आमच्या सगळ्यांच्या तोंडून फक्त 'हो सर' निघतं.

मीटिंग मोबाईलवर सुरू झाली, कॅमेरा बंद. तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा. आमच्या धानाच्या रोपांत कोणाची तरी ढोरं शिरली होती! बाबांना धावता येत नाही. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. "फक्त ऐकत राहा. बोलू नका!" आणि पळालो.

ढोरं हाकलून धापा टाकत परत आलो, तर मोबाईल खाटेवर आणि बाबा सुपारी कातरत बसलेले.

"झाली तुझी मीटिंग."

"काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं. सांगितलं."

"काय सांगितलं?"

"शुक्रवारपर्यंत होते का म्हणे. म्या म्हटलं, नाही होत जी. घाईनं केलेलं काम दुसऱ्यांदा करा लागते. सोमवारी घ्या."

तोच मॅडमचा फोन.

"तुझा आवाज आज बसलेला वाटला. सर्दी आहे का?"

"हो... थोडी."

"पण काय बोललास! त्या माणसाला 'नाही' म्हणायची आजवर माझीसुद्धा हिंमत झाली नव्हती. खूश आहे तो. म्हणतो, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. तू राहा तिकडेच, गाव मानवलंय तुला. फक्त यापुढे प्रत्येक मीटिंगला असंच बोलायचं!"

बाबांना सगळं सांगितलं. ते नुसतं "हूं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या मीटिंगसाठी खोलीत गेलो. बाबा आंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या खुर्चीवर बसले होते.

"बाबा, माझी मीटिंग आहे."

मोबाईलवरची नजर न काढता ते म्हणाले, "तू धानाच्या बांधीतलं पाणी पाहून ये. इकडचं मी पाहतो."