उन्हावरची पोपटी

पेणच्या एका संस्थेने आमच्या बचत गटाला दत्तक घेतलं, तेव्हा आम्ही सगळ्या जणी चाळिशी ओलांडलेल्या होतो. या वयात दत्तक जायचं म्हणजे जरा अवघडच. पण संस्थेकडे जीप होती, भलामोठा फ्लेक्स होता आणि तीन विषय होते: सकस आहार, स्वच्छ ऊर्जा आणि कामाच्या ठिकाणी महिलांचे हक्क. तिन्ही एकाच फ्लेक्सवर, कारण निधी एकच आला होता.

आमचं गाव रोह्याहून नागोठण्याला जाताना लागतं. गावातल्या कितीतरी बायका धाटावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात, ठेकेदाराच्या हाताखाली. गावात उरलेल्या आम्ही बायका नाचणीचे लाडू वळतो, ते त्याच कारखान्याच्या कँटीनला जातात. या लाडवांच्या ओळखीवर मला कारखान्याच्या महिला तक्रार समितीत घेतलं. कायद्याने समितीत बाहेरचं एक माणूस लागतं, आणि लाडू वळणारी बाई काही बोलायची नाही असा त्यांचा हिशेब असावा. अध्यक्ष होत्या अकाउंट्सच्या मॅडम. पहिल्या बैठकीत आम्ही चहा प्यालो आणि एकही तक्रार नाही म्हणून एकमेकींचं अभिनंदन केलं.

मग तक्रार आली, तीही माझ्या शेजारणीची. नवरा गेल्यापासून तिचं घर तिच्याच पगारावर चालतं. शिफ्ट सुटायच्या वेळी सुपरवायझर नेमकं तिलाच थांबवायचा. लेबलं परत लाव, जागा झाडून घे. तेवढ्यात कंपनीची बस सुटायची आणि हा मोटरसायकल घेऊन गेटवर उभा. "चल, सोडतो." ती चालत निघाली की हा तिच्या बाजूने हळूहळू गाडी चालवायचा, पार रिक्षा मिळेपर्यंत. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि रोज त्याच्या गाडीवर बसावं तर गावात तोंड कसं दाखवायचं?

"मला माझी बस मिळू दे," ती मला म्हणाली. "दुसरं काय मागनं नाय माझं."

चौकशी खरं तर कारखान्यात, बंद दाराआड व्हायला हवी. पण कारखान्याचे मॅनेजरसाहेब आणि मॅडम संस्थेच्या कार्यक्रमाला आमच्या गावात येणारच होते. मग दोनदा गाडी कशाला काढायची? चौकशी त्याच दिवशी समाजमंदिरात उरकायचं ठरलं. तेवढंच डिझेल वाचलं, म्हणजे स्वच्छ ऊर्जाही झाली.

कार्यक्रम होता सौर पोपटीचा. पोपटी ही आमच्याकडची थंडीतली चैन. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. संस्थेच्या सरांना पोपटी पटली, जाळ पटला नाही. धूर फुप्फुसांना वाईट. ते म्हणाले, आपण ही उन्हावर करू.

आमच्या गटातली एक म्हातारी म्हणाली, "उन्हावर पापड वाळतात रे बाबा. पोपटी नाय व्हत."

सरांच्या मते ही मानसिकता होती, आणि ती बदलायलाच तर ते आले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी चकचकीत आरशाची पेटी मांडली. सकाळी धुकं होतं. धुकं गेलं तर ढग आले. दुपार झाली तरी शेंगा जशा शेतातून आल्या तशाच हिरव्यागार. तापली होती ती फक्त पाहुण्यांची डोकी. शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, "आमच्याकडे एक माणूस आहे. पोपटीत त्याचा हात कोणी धरणार नाही." त्यांनी फोन लावला आणि थोड्या वेळात मोटरसायकल आली. माणूस म्हणजे तोच सुपरवायझर. ज्याच्यावर तक्रार, तोच महिला हक्कांच्या फ्लेक्समागे जाळ घालायला बसला. धूर फोटोत येऊ नये म्हणून सरांनी कॅमेऱ्याचं तोंड तेवढं फिरवलं.

आत आमची चौकशी सुरू झाली. खिडकी उघडी, धूर आत येत होता. मॅडमनी शेजारणीला विचारलं, "त्यांच्या गाडीवर तुम्ही कधी बसला होतात का?"

"एकदा. पाऊस व्हता. रिक्षा नव्हती."

मॅडमनी समाधानाने पेन खाली ठेवलं. "मग आता तक्रार कशाबद्दल?"

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आमचा लाडू एकदा खाल्लात. म्हणून मी तो रोज तुमच्या तोंडात कोंबला तर चालेल का?"

त्यावर मॅडमकडून तडजोड आली. झालं गेलं विसरा, हवं तर शिफ्ट बदलू. कोणाची? तर हिचीच. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही, माझा विरोध लिहून घ्या. एवढ्यात बाहेर मडक्यावर पाण्याचा हबका बसला, चर्र आवाज आला आणि सुपरवायझर ओरडला, "झाली."

सगळे बाहेर आले. शेंगांचा ढीग केळीच्या पानांवर ओतला. खरं सांगते, वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची मला चीड आली. आमच्याकडे पोपटीला एका ढिगाभोवती बसून खाल्लं की भांडण मिटलं असं धरतात. त्याला ते पक्कं ठाऊक होतं. ओंजळभर शेंगा घेऊन तो सगळ्यांदेखत शेजारणीपुढे आला. "घे गो. राग सोड."

मॅनेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारणीने हात पदराखाली घेतले. "नाय," एवढंच म्हणाली.

मग पॅकिंगच्या बायकांनीही हात मागे घेतले. त्या म्हातारीने जन्मात पोपटी सोडली नव्हती, तिनेही शेंगेला हात लावला नाही. शेंगांची वाफ विरत चालली. मागून एकीने हळूच म्हटलं, "माझी पन बस चुकली व्हती." दुसरी म्हणाली, "माझी पन." मॅडम तोवर अर्धा ढीग संपवत आल्या होत्या. तोंडात घास असल्यामुळे त्यांना हे ऐकू आलं नसावं.

निकाल बहुमताने लागला: गैरसमज. सुपरवायझरला समज दिली. संस्थेच्या अहवालात तो मडक्यासकट छापून आला, खाली ओळ होती, 'पुरुषांचा सक्रिय सहभाग'. सौर पेटी आता आमच्याकडे आहे. तिच्यावर आम्ही पापड वाळवतो.

बसचं मात्र बायकांनीच बघितलं. कोणी प्रशिक्षण दिलं नाही, फ्लेक्सही लागला नाही. शिफ्ट सुटली की सगळ्या बसच्या दाराशीच उभ्या राहायच्या, एकीचा पाय पायरीवर. ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला तरी उत्तर एकच: "एक बाय यायची हाय." रिकामी बस घेऊन तो जाणार कुठे? शेजारीण आली की सगळ्या चढायच्या. चार दिवस गेटवर ताटकळून सुपरवायझरने तिला थांबवणं सोडलं. मला फार आनंद झाला. समितीत बसून मी जे करू शकले नव्हते ते झालं होतं.

परवा लाडू पोचवायला मी धाटावला गेले होते. शिफ्ट सुटली होती, तरी बस उभीच. पायरीवर पाय ठेवून शेजारीण उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. मला वाटलं, सवय पडली असेल. मी हसून म्हटलं, "तू तर हायस की गो इथं. आता कोणासाठी थांबलीस?"

ती हसली नाही. "नवी पोरगी लागलीय पॅकिंगला," ती म्हणाली. "तिला आत ठेवलीय त्यानं."