लेकीच्या छावणीत

लेकीनं मला छावणीत नेलं ते माझ्या भल्यासाठीच नेलं, हे आधी सांगितलेलं बरं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. चिखलीच्या घरात मी एकटाच राहायचो, आणि काळजात दोन स्टेंट बसल्यावर मला असं एकटं ठेवणं लेकीला पटेना. ती सैन्याच्या दवाखान्यात नर्सिंग ऑफिसर. जावई मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा महिनाभर येणार. घरी सहा वर्षांची नात आणि दिवसभराची एक कामवाली. लेकीची ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. म्हणजे गरज तिलाही होती, पण तसं ती बोलली नाही. सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमचं जेवणखाण, गोळ्या इथं कोन पाहीन? चला माझ्यासंग."

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. सारा जन्म लोकांना 'चला, पुढं सरका' म्हणण्यात गेला. मलाच कोणी चला म्हटल्यावर नाही कसं म्हणतात, ते मला सुचलं नाही. घराची किल्ली शेजारी दिली, दहा किलो ज्वारीचं पीठ बांधून घेतलं आणि मलकापूरहून गाडीत बसलो. भुसावळला गाडी बदलली. पुढं दीड दिवस खिडकीतून नुसती सपाट जमीन.

ते गाव लहान. एक बाजार, एक बंद पडलेलं थेटर, बाकी सगळी छावणी. बाजारात दुकानं कसली, तर वर्दी शिवणाऱ्यांची, काळ्या पत्र्याच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर लिहून देणाऱ्यांची, बिल्ल्यांची, बूटपॉलिशची. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुना, सगळ्यांना एकाच उंचीपर्यंत. पहाटे साडेपाचला पोरांची रांग धापा टाकत क्वार्टरपुढून पळत जायची, आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला बिगुल वाजला की रस्त्यावरचा माणूस जिथं असेल तिथं उभा राहायचा. पहिल्या दिवशी मी एकटाच चालत राहिलो. नातीनं माझा सदरा ओढला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, रुको ना!"

चिखलीच्या स्टँडवर अनोळखी माणूस पाच मिनिटं शेजारी बसला तरी कोणतं गाव, किती पोरं, यंदा सोयाबीन काय म्हणते, एवढं तर निघतंच. इथं कोणी काही विचारत नसे. माणसं वाईट नव्हती. उलट फार अदबीनं वागायची. पण जो तो दोन-तीन वर्षांनी निघून जाणारा, मग कुणाच्या खोलात शिरायचं कशाला? माझी हिंदी बसमधली, वऱ्हाडी वळणाची. मी बोललो की समोरचा हसू दाबायचा आणि जास्तच अदबीनं उत्तर द्यायचा. त्यामुळं मी बोलणंच कमी केलं.

लेकीनं माझं कार्ड काढून आणलं. त्यावर माझा फोटो, खाली तिचं नाव आणि एक इंग्रजी शब्द, डिपेंडंट.

"याचा अर्थ काय व?" मी विचारलं.

"माझ्यावर अवलंबून असलेला."

"मी? मले पेन्शन हाय ना."

"बाबा, तो नुसता शब्द हाय. खिशात ठेवा अन् भायेर जातानी इसरू नका."

आणि नेमकं तेच तिसऱ्या आठवड्यात विसरलो. बाजारातून कोथिंबीर घेऊन आलो आणि गेटवर खिशात हात घातला, तर कार्ड घरी, दुसऱ्या सदऱ्यात. पहाऱ्यावरचा मिशीवाला जवान मला रोज पाहायचा, रोज 'राम राम बाबूजी' म्हणायचा. तरी म्हणाला, "कार्ड के बिना नहीं जा सकते, बाबूजी." मी लेकीला फोन लावला. ती ऑपरेशन थिएटरात, फोन कपाटात. कामवालीचा नंबर माझ्याकडं नव्हता. त्या जवानानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडं वळवला. आत मात्र सोडलं नाही. दोन तास मी तिथं बसलो.

राग आला असता तर बरं वाटलं असतं. पण मला आठवत होती ती म्हातारी, जिचं सवलतीचं कार्ड घरी राहिलं म्हणून मी तिला एका फाट्यावर खाली उतरवलं होतं. तीही म्हणत होती, "भाऊ, तू तं मले वळखतं ना!" मी तिला ओळखत होतो. मी घंटीची दोरी ओढली होती. त्या जवानानं निदान मला खुर्ची तरी दिली.

लेक आली तेव्हा तिच्या गालांवर दिवसभराच्या मास्कचे वळ उठलेले. तिनं सही केली आणि आम्ही आत गेलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मले वाटलं, तुमचं काही झालं." मी कोथिंबीर दुसऱ्या हातात घेतली.

असे चार-पाच महिने गेले. नातीला शाळेच्या बसपर्यंत पोचवणं आणि दुपारी आणणं हे माझं काम ठरलं, आणि त्या कामानं मी जरा माणसात आलो. मग सीमेकडच्या बातम्या वाढल्या. बाजारात टीव्हीपुढं गर्दी दिसू लागली. एका दुपारी लेक जेवायला घरी आली, ताटावर बसली, आणि पहिला घास हातात धरूनच म्हणाली, "बाबा, मले उद्या पहाटे निघायचं हाय."

"कुठं?"

"सांगता येत नाई."

"किती दिवस?"

"ते मलेच माहीत नाई."

मी वरण वाढत होतो. ते ताटाबाहेर सांडलं. जेवण झाल्यावर तिनं एक कागद लिहून फ्रिजला चिकटवला. शाळेची वेळ, तापाचं औषध किती मिली, माझ्या गोळ्या, दवाखान्यातल्या मैत्रिणीचा नंबर. मग नातीला पुढ्यात बसवून मला वेणी घालायला शिकवलं, कारण शाळेत दोन वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी सक्तीच्या होत्या. माझ्या हातानं आयुष्यभर तिकिटं फाडली होती, पण तीन पेड काही जमेनात. नात खिदळत होती. लेक म्हणत होती, "घट्ट ओढा बाबा, तिले दुखत नाई."

पहाटे पाचला गाडी आली. लेक वर्दीत, पाठीवर पिशवी. पोरगी झोपलेली. मी विचारलं, "उठवू का?" तिनं नकारार्थी मान हलवली आणि पायरी उतरली. मी दारात उभा. बापानं अशा वेळी काहीतरी म्हणायचं असतं. तिच्या लग्नात पाठवणीला मी पुष्कळ बोललो होतो. तेव्हा तिचं सासर पिंपळगाव राजाला होतं, बसनं तासा-दोन तासांचा रस्ता. आता ती कुठं चालली हेच ठाऊक नव्हतं. 'पोचल्यावर फोन कर' एवढंही म्हणता येत नव्हतं, कारण फोन करू देतील की नाही तेही ठाऊक नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

पोरगी सातला उठली, सगळं घर हिंडून आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "मम्मा ने बताया क्यों नहीं?" मी कंगवा आणि रिबिनी घेऊन बसलो. वेण्या तर अशा झाल्या की बसच्या थांब्यावर एका गढवाली मेजरच्या बायकोनं तिला जवळ घेतलं, दोन्ही सोडल्या आणि उभ्या उभ्या पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवसापासून ती बाई रोज दहा मिनिटं लवकर येऊ लागली. मी तिला फक्त 'थँक्यू बेटी' म्हणायचो.

मग भोंगे सुरू झाले. संध्याकाळी साडेसातला भोंगा वाजायचा आणि साऱ्या गावचे दिवे जायचे. खिडक्यांना काळे कागद लावायचे, मोबाइलचासुद्धा उजेड दिसता कामा नये असा हुकूम. लांबून धडधड ऐकू यायची. आपली की त्यांची, हे मला कसं कळणार? पोरगी माझ्या मांडीत डोकं खुपसायची. गोष्टी मला येत नाहीत. मी बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं, ते संपलं. मग मला जे येत होतं तेच काढलं. "चला, चिखली-खामगाव सुटून राह्यली! बसा, सगळे बसा. अमडापूरवाले कोन कोन?" अंधारात तिचा हात वर गेलेला मला लागला. अमडापूर झालं, उंद्री झाली, खामगाव आलं. तिला वाटेत कोण चढलं ते हवं असायचं. मग मी शेळी घेऊन चढणारी बाई चढवायचो, उलटी करणारं पोरगं चढवायचो. तिसऱ्या फेरीला ती झोपायची. मी तसाच बसून राहायचो, कारण पाय हलवला तर ती जागी होईल.

भावाचा पिंपळगाव राजाहून फोन आला. आमच्या लेकीचं सासर आणि माझा भाऊ एकाच गावात. "दादा, टीव्हीवर पाहून राह्यलो आम्ही. काऊन थांबला तू तिथं? पोट्टीले घे अन् निघ." आजूबाजूच्या क्वार्टरांतही बायका पेट्या भरत होत्या. ती गढवाली बाईसुद्धा मुलांना घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबूजी, आप भी बच्ची को लेकर निकल जाइए." मीही बॅग काढली, दोघांचे कपडे भरले. मग वाटलं, आपण वाटेत असताना लेक परत आली तर? कुलूप पाहून तिला काय वाटेल? तिला विचारावं तर दोन मिनिटांचा फोन तीन-चार दिवसांतून एकदा यायचा, त्यात ती पोरीशीच बोलायची. मी बॅग रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली. पोरीच्या जिवाचा प्रश्न होता आणि तो सोडवायला तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मला काही ठरवता येत नव्हतं. मी जवानासारखा धीरानं तिथं टिकून राहिलो असं आता नातेवाईक म्हणतात. तसं काही नाही. मी ठरवूच शकलो नाही, आणि तेवढ्यात ते सगळं थांबलं.

लेक अडतीस दिवसांनी आली. काळवंडलेली, गालाची हाडं वर आलेली. दारातच खाली बसून तिनं हात पसरले. पोरगी माझ्या पायामागं गेली. "ये ना," लेक म्हणाली. पोरगी म्हणाली, "आबा से पूछती हूँ." लेक हसली, छान हसली, आणि मग न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता. पोरगी संध्याकाळपर्यंत तिच्या गळ्यात पडली, लहान लेकराचं काय असतं. पण तो नळाचा आवाज मी ऐकला होता, आणि ऐकला हे तिला ठाऊक होतं.

पावसाळा सरता सरता तिची बदली झाली, अशा जागी की जिथं घरच्यांना नेता येत नाही. मस्कतलाही पोरीला नेण्याची सोय नव्हती. मग मीच तिला चिखलीला घेऊन आलो. शाळेत नाव घातलं. वेणी आता मला येते, पण इथल्या शाळेत रिबीन कोणी पाहत नाही. शिकवायला बाई वर्गात आल्या की ती ताठ उभी राहते आणि पोरं तिला 'फौजी, फौजी' म्हणून चिडवतात. मराठी बोलते, पण मधे मधे अडते. संध्याकाळी कुठं फटाका वाजला तर ताटावरून उठते आणि दिव्याचं बटण बंद करते. मी उठून ते पुन्हा लावतो. ओरडत नाही.

रविवारी लेकीचा फोन येतो. आधी पोरगी धावत घ्यायची. हल्ली अंगणातून येत नाही. "खेळून राह्यली," मी सांगतो. मागच्या रविवारीही तेच सांगितलं. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. मग लेक म्हणाली, "बाबा, नोकरी सोडून देऊ का मी? तुमी सांगा. तुमी म्हनसान तसं करतो."

तिच्या शिक्षणासाठी तिच्या आईनं काय काय केलं ते मला आठवलं. अंगणात पोरगी एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती, ते दिसत होतं. सोड म्हणावं की नको सोडू म्हणावं? दोन्ही ओठांवर आलं आणि दोन्ही चूक वाटलं. ती वाट पाहत होती.

"जेवली का तू?" मी विचारलं.

"हाव बाबा," ती म्हणाली. "जेवली."