फक्त एक टाइल

घर विकण्याआधी दुरुस्त करून घ्यावं की आहे तसं विकावं, या विषयावर आमच्या घरात दोन मतं होती. एक माझं आणि एक चुकीचं.

चुकीचं मत ह्यांचं. "अगं, घेणारा त्याच्या मनाप्रमाणे सगळं तोडूनच करणार. आपण कशाला हात लावायचा?"

पनवेलच्या त्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बावीस वर्षं काढली. लिफ्ट नाही, आणि ह्यांचे गुडघे तर आता पायरीपायरीला बोलायला लागले होते. नवीन पनवेलमध्ये लिफ्टवाला फ्लॅट बोलून ठेवला होता, पण हे घर गेल्याशिवाय तो मिळणार नव्हता. चार महिने लोक यायचे, बघायचे, "कळवतो" म्हणायचे आणि चौकातल्या गर्दीत नाहीसे व्हायचे.

"बाथरूममधल्या त्या तडकलेल्या टाइलमुळे!" मी म्हटलं.

"निम्मे लोक बाथरूमपर्यंत गेलेच नाहीत."

असल्या तपशिलांत मी शिरत नाही.

त्या शनिवारी पाच वाजता एक जोडपं घर बघायला येणार होतं. हे न्हावा शेवाला ऑफिसात. सकाळीच मी मोबाइलवर एका बाईला दहा मिनिटांत टाइल बदलताना पाहिलं होतं. बाई पूर्ण वेळ हसत होती! साडेचार वाजता मी छिन्नी-हातोडी घेऊन बाथरूममध्ये शिरले.

पहिल्या घावाला टाइल हलली नाही. दुसऱ्या घावाला शेजारची फुटली. तिसऱ्याला तिच्या शेजारच्या दोन. चौथा घाव जरा मनापासून घातला, आणि भिंतीतून पाणी आलं. आलं म्हणजे, उडालं! थेट माझ्या चष्म्यावर!

मी तशीच गच्चीवर धावले. टाकीपाशी आठ कॉक. एकावरही नाव नाही. मी आठही बंद केले. खाली उतरेपर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं पाणी गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सबनीसबाई डोक्याला शाम्पू लावून दाराच्या फटीतून ओरडत होत्या, "कोणी बंद केलं? कोणी?"

"बघते हं!" असं म्हणून मी पुढे सटकले.

घरात मात्र पाण्याचं तळं झालं होतं. बाथरूमची जाळी टाइलच्या तुकड्यांनी तुंबली होती आणि पाण्याने खालची वाट धरली होती. खाली राहतात मुकादमभाई. कुवेतला अठ्ठावीस वर्षं पाइपफिटर होते. (मग त्यांनाच का नाही विचारलंस, हे मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे.) आणि नेमक्या त्याच दुपारी त्यांच्या मुलीच्या, नाझियाच्या, सासरची मंडळी, लग्नाची तारीख ठरवायला, उरणहून आली होती.

पाणी त्यांच्या हॉलच्या पंख्यातून उतरलं. पंखा जोरात चालू. त्यामुळे कोणावरही अन्याय न होता सगळ्यांना सारखं पाणी मिळालं.

पाचव्या मिनिटाला मुकादमभाई दारात. पांढराशुभ्र कुर्ता, हातात हत्यारांची पेटी.

"वहिनी, खैरियत? काय चाललंय?"

"टाइल बदलतेय."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "कुठली?"

उत्तर द्यायला एकही टाइल धड नव्हती. लग्नाच्या बोलण्यात मी पाणी ओतलं, आता पोरीची सोयरीक माझ्यामुळे फिसकटली तर? मला रडूच फुटलं. मुकादमभाई कुर्त्याच्या बाह्या दुमडत म्हणाले, "अहो रडता काय! पाइप आहे, जुना आहे, फुटतो. आधी ती छिन्नी माझ्याकडे द्या."

ते भिंतीत डोकं घालून बसले, तेवढ्यात ते जोडपं आलं. समोर मी, नखशिखान्त भिजलेली. मागे भिंतीतून बाहेर आलेले दोन पाय.

नवरा म्हणाला, "इथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे का?"

"छे! पाणी भरपूर आहे!" मी म्हटलं.

ते "कळवतो"सुद्धा म्हणाले नाहीत.

मग मुकादमभाईंच्या पत्नी रुकैयाभाभी वर आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी माझ्या अंगावर टॉवेल टाकला, हातात आल्याच्या चहाचा कप दिला आणि स्वतः झाडू घेऊन पाणी काढायला लागल्या. त्यांच्या मागोमाग नाझियाची होणारी सासू आणि बाकीची मंडळी.

"माफ करा हो," मी हात जोडले.

"अवो, माफी कसली? आमाला वाटलं, गुलाबपाणी शिंपडतायत!" बाई पोट धरून हसत होत्या. हसता हसताच त्या खिडकीपाशी गेल्या, स्वयंपाकघर बघितलं, गॅलरीत उभ्या राहिल्या. "हवा छान हाय. घर विकताय काय?"

त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. आठ-आठ महिने बाहेर. सून माहेराच्या डोक्यावरच राहिली तर कोणालाच घोर नाही!

साडेसहाला हे जिने चढून धापा टाकत आले आणि बाथरूममध्ये सहा माणसं पाहून थबकले. "अगं, एवढे लोक घर बघायला?"

"हो," मी म्हटलं. त्या क्षणी ते खरं झालं होतं.

महिन्याभरात त्यांच्याशीच व्यवहार झाला, आम्ही सांगितलेल्या किमतीत. भिंतीबद्दल मी चाचरत विचारलं, तर नाझिया म्हणाली, "आंटी, टेन्शन नका घेऊ. आम्ही सगळं तोडूनच करणार आहोत." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले मात्र नाहीत. बावीस वर्षांच्या संसाराचं हे फळ.

त्या शनिवारनंतर पाइप नवा बसेपर्यंत चार दिवस आम्ही मुकादमांकडे आंघोळीला जात होतो. रुकैयाभाभी रोज पाणी गरम ठेवायच्या आणि न जेवता सोडायच्या नाहीत. ज्यांच्या छताला मी गळती लावली, त्यांनीच मला कोरडं केलं. अशी माणसं सोडून लिफ्टमध्ये शिरताना मला भरून आलं होतं, हे इथे कबूल करते.

आता नात्यात कोणी घर विकायला काढलं की पहिला फोन मलाच येतो. सल्ल्यासाठी नाही. घर विकलं जाईपर्यंत आमच्याकडे येऊ नका, एवढंच सांगायला!