मॅडम, तुमची स्टाईल कोणती?

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबांनी माझी लोखंडी पेटी डोक्यावरून नागभीडच्या स्टेशनात आणली. चंद्रपूरला नर्सिंगचं शिक्षण झालं होतं आणि पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. माय स्टेशनवर आली नाही. दसऱ्याआधीचं सारवण तिनं काढलं होतं आणि भिजवलेली माती तशीच टाकून कुठं जाता येत नाही. आम्हांला त्यात वावगं वाटलं नाही. गाडी यायला वेळ होता. बाबा पेटीवर बसले, मी उभी राहिले. तळ्यातल्या मासोळीचं, धानाचं, मोठ्या भावाच्या कामाचं बोलून झालं. गाडी दिसल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली.

"कोणाच्या घरी गेली तं भिंतीले टेकून बसजो. मधात बसू नोको."

लोकांच्या घरात जागा अडवू नये, एवढाच त्याचा अर्थ. मी ते पुढची चौदा वर्षं पाळलं, कारण पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी हॉस्टेल, मग तिघींची एक खोली, मग दोघींची, मग एका निवृत्त काकूंच्या बंगल्यामागची एकटीची खोली. सगळीकडे नियम वेगवेगळे होते, पण एक सगळीकडे सारखा होता: भिंतीला खिळा मारायचा नाही. चौदा वर्षांत मी एकही खिळा मारला नाही. कॅलेंडर खुर्चीवर उभं करून ठेवायचे आणि पाहुणं आलं की ते उचलून खाली ठेवायचे.

बोलण्याचंही तसंच झालं. पहिल्या आठवड्यात मी वॉर्डात "मले सलाईन द्या" म्हणाले आणि दोघीजणी हसल्या. त्या वाईट नव्हत्या. पण मी "मला" म्हणायला शिकले, "काऊन"चं "का" केलं, आणि काही वर्षांनी रुग्णांचे नातेवाईक विचारू लागले, "सिस्टर, तुम्ही पुण्याच्याच का?" याचा मला आनंद व्हायचा, हे लिहून ठेवलेलं बरं.

लग्न करायचं राहून गेलं. फ्लॅट घेतला. चौथा मजला, एक हॉल, एक बेडरूम, पश्चिमेला बाल्कनी. चावी मिळाली त्या दुपारी मी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले आणि मला काहीही सुचेना. खिळा मारायला आता कोणी अडवणारं नव्हतं, पण कुठं मारायचा आणि त्यावर काय लावायचं हे माहीत नव्हतं. आठ महिने मी गादी, गॅस आणि दोन खुर्च्या यांवर काढले. मग वॉर्डातल्या एका मैत्रिणीनं तिच्या ओळखीच्या इंटिरियर डिझायनरला पाठवलं.

मुलगी हुशार होती. टॅबलेट उघडून तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, तुमची स्टाईल कोणती?"

मी म्हणाले, "म्हणजे?"

तिनं फोटो दाखवले. पांढरी घरं, लाकडी घरं, राजस्थानी झरोके, काचेची टेबलं. "यातलं कोणतं बघून 'हे माझं' असं वाटतं?"

एकही वाटत नव्हतं. पण हॉटेलात मेन्यू हातात घेऊन फार वेळ बसलं की वेटरकडे बघून जसं काहीतरी बोट ठेवून टाकतो, तसं मी एका मळकट पिवळ्या हॉलवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "बेज. छान. सेफ आहे." मग गाव कोणतं ते विचारलं. चंद्रपूर जिल्हा, नागभीडकडे, असं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "मग एक कोपरा ट्रायबल करू. तुमच्या मुळांना टच." आम्ही आदिवासी नाही, धीवर आहोत, तळ्यातली मासेमारी आणि थोडं धान, हे मी सांगणार होते. ती लिहून घेत होती, म्हणून राहू दिलं.

दीड महिन्यात घर तयार झालं. बेज भिंती, बेज पडदे, एल आकाराचा सोफा, हॉलच्या मधोमध काचेचं सेंटर टेबल, टीव्हीमागं लाकडी पट्ट्या. आणि ट्रायबल कोपऱ्यात मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यातून केलेला दिवा. कुठल्याशा प्रदर्शनातून तिनं तो आणला होता. मैत्रिणी येऊन गेल्या. सगळ्यांनी फोटो काढले. मीही घरी भावाच्या फोनवर फोटो पाठवले. "हॉटेलसारखं आहे," असं भावानं लिहिलं. ते कौतुक होतं.

पुढच्या वर्षी मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्याच दवाखान्यात केलं. ती महिनाभर राहायला आली. पहिल्या दिवशी पट्टी नसलेल्या डोळ्यानं तिनं घर पाहिलं, सोफ्याच्या काठावर टेकली आणि दिव्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे काऊन टांगलं?"

"दिवा आहे, माय. शोभेचा."

"उलटा टांगला," ती म्हणाली. "याचं तोंड खाली पायजे. असा ठेवला तं मासोळी शिरते अन् निघून जाते." मग ती हसली. संध्याकाळी फोनवर बाबांनाही सांगितलं आणि तिकडून त्यांचंही हसू ऐकू आलं. मीही हसले, पण मला ते लागलं होतं.

पट्टी निघाली आणि तिला दिसायला लागलं. मी सकाळच्या ड्युटीला जायचे, चारला परत यायचे. एके दिवशी पडदे गाठ मारून वर बांधलेले. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या उशा कपाटावर. काचेच्या टेबलाचा कोपरा तिच्या नडगीला दोनदा लागला होता. ती बोलली नाही, मलाच जखम दिसली. तिसऱ्या दिवशी आले तर टेबल बाल्कनीत, सोफा भिंतीला लावलेला, आणि हॉल मधोमध अगदी मोकळा. माय फरशीवर पाय पसरून कोथिंबीर निवडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती ऐसपैस बसलेली मला दिसली.

त्या दिवशी वॉर्डात एक रुग्ण गेला होता आणि त्याच्या मुलाचं सगळं ऐकून घेऊन मी आले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. मी दारातच म्हणाले, "आई, हे माझं घर आहे. मला न विचारता इथलं काही हलवत जाऊ नकोस."

तिला मी जन्मात कधी आई म्हटलं नव्हतं. आणि वाक्य सगळं वॉर्डातल्या मराठीत आलं, नातेवाइकांना भेटीची वेळ संपल्याचं सांगतो तसं.

माय उठली. "बरं जी," म्हणाली.

आमच्याकडे जी परक्याला लावतात. बसच्या कंडक्टरला, तलाठ्याला, पाहुण्याला. लेकीला नाही. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिनं टेबल आत ओढून आणलं होतं, उशा मोजून जागच्या जागी ठेवल्या होत्या, पडदे सोडले होते. मी "राहू दे" म्हणाले. तिनं ऐकलं नाही. उरलेले अकरा दिवस ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली. चांगलं बोलायची, भाजी करायची, डोळ्यांत थेंब टाकून घ्यायची. अकराव्या दिवशी भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आमचं नवं घर झालं. जुनं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, पाडून स्लॅबचं बांधलं. मी वास्तूच्या दिवशी पोचले. माझ्या डोक्यात अजून ती जुनी भिंत होती: पांढऱ्या मातीनं सारवलेली, खाली गेरूचा पट्टा, आणि पट्टा संपतो तिथं मायच्या बोटांची नक्षी. खरं सांगायचं तर पुण्यातल्या दोन-तीन बायकांना मी त्या भिंतीबद्दल अभिमानानं सांगायलाही लागले होते.

नव्या घराला पोपटी रंग होता. आत गुलाबी टाइल्स, छताला निळी लाइट, दारावर प्लास्टिकची फुलं. मायनं मला हाताला धरून खोली खोली फिरवलं. टाइल्सवरून हात फिरवून म्हणाली, "पाहा, फडकं मारलं का झालं."

"माय, एखादी भिंत तरी मातीची ठेवाची होती."

"कोण सारवते?" ती शांतपणे म्हणाली. "माती आणाले नाल्यापलीकडे जा लागते. चाळीस वर्सं केलं मी. तुले पायजे तं तू येत जाय दर दसऱ्याले."

मला पोपटी रंग आवडला नव्हता, पण ते तिचं घर होतं, आणि तिला ते मनापासून आवडलं होतं. मी मागच्या वर्षी माझ्या दारात उभी राहून जे बोलले, ते मला नीट ऐकू आलं ते इथं. दुपारी पंगती उठल्यावर आम्ही दोघी मागच्या बाजूला भांडी घासत होतो. मी म्हणाले, "माय, त्या दिवशी मी तसं बोलाले नाई पायजे होतं."

तिनं हातातली परात विसळून बाजूला ठेवली. "खरंच बोलली तू. घर तुझंच आहे. तुले न इचारता मी हात लावाले नोको होता." मग पुढचं भांडं ओढून घेत म्हणाली, "पण तू तिथी राह्यत नाई, वैशे. मी महिनाभर पाह्यलं. तू किचनमधी उभी राहून जेवते. त्या सोफ्यावर तू एक डाव बसली नाई. मले वाटलं, जागा केली तं बसशीन."

मी भांडी घासत राहिले. तिला मोतीबिंदूच्या डोळ्यांनी जे दिसलं, ते मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

परत आल्यावर मी काही मोठं केलं नाही. आधी फक्त बघायचं ठरवलं: या घरात मी खरी कुठं असते? ओट्याशी उभी. बाल्कनीच्या उंबऱ्यावर, चहा घेऊन. पलंगाच्या उजव्या कडेला. बाकी सगळं मी पुसत होते फक्त. मग एकेक वस्तू द्यायला लागले. काचेचं टेबल मैत्रिणीकडे गेलं. पडदे गेले, आणि चार वाजता पश्चिमेचं ऊन हॉलच्या भिंतीपर्यंत येतं हे पहिल्यांदा कळलं. सोफा गेला त्या दिवशी मी घाबरले होते. पाहुणे कुठं बसतील? दिवा मात्र कोणालाच द्यावासा वाटला नाही. त्यातला बल्ब काढला आणि सापळा माळ्यावर ठेवला. तो वाईट नव्हता, माझ्या भिंतीवर त्याचं काही काम नव्हतं.

काढून टाकताना आवडनिवड कळत गेली. वस्तू आणताना ती कधीच कळली नसती. मला बुटकं बसायला आवडतं, म्हणून सुताराकडून गुडघ्याएवढा रुंद दिवाण करून घेतला. मला स्टीलची भांडी कपाटात बंद आवडत नाहीत, उघड्या मांडणीवर ओळीनं चमकणारी आवडतात. आता ती हॉलमध्येच आहेत आणि येणारे आधी चमकतात. मला खोलीचा मध्य मोकळा लागतो. मला प्लास्टिकची फुलं नको, पण बांबूचं सूपही भिंतीवर नको. हे गावचं घर नाही. गावचं घर मी काही इथं उभं केलेलं नाही. ते मला जमलंही नसतं, आणि ज्यांचं ते आहे त्यांना ते आता नकोय.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या नव्या मुली दवाखान्यात लागतात, दर वर्षी दोन-तीन तरी. त्यांच्यातल्या काही खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहतात. एकदोघींनी विचारलं, ताई, तुम्हांला गावची आठवण येत नाही का, घरात गावचं काहीच नाही. येते. ती भिंतीवर लावायची गोष्ट आहे असं आता वाटत नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात हॉलचा बेज खरवडून रंग दिला. रंगवाल्याच्या शेडकार्डांमधून तीन दिवस निवडत होते. मोहाचं फूल झाडावरून खाली पडतं तेव्हा जसं असतं तसा रंग, पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. काम झाल्यावर मायला फोन केला.

"कोणता मारला?"

"मोहाच्या फुलाचा असते ना, तसा."

"तो डब्ब्यात भेटते?" तिला गंमत वाटली. मग म्हणाली, "ऊन पडलं का कसा दिसते?"

मी भिंतीकडे बघून सांगितलं. ती ऐकत होती. भावाची पोरं मागं ओरडत होती, कोणीतरी मोटर चालू केली होती.

"तुले आवडला?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला कोणत्याच घरात, कोणीच, मीसुद्धा विचारला नव्हता. गावी जी माती मिळायची तिचा रंग भिंतीला यायचा. हॉस्टेलात जो असेल तो असायचा. डिझायनरला मी बोट दाखवलं होतं.

"हो, माय," मी म्हणाले. "मले आवडला."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि तिकडचं धान कसं आहे ते सांगू लागली. मी फोन घेऊन खोलीच्या मधोमध खाली बसले.