मोहाखालचा बिंदू

जीपीएसचं यंत्र मी आजही मऊ फडक्यानं पुसतो आणि सेल काढून पेटीत ठेवतो. "जिवापाड जप," असं साहेबांनी बजावलं होतं. जपलं.

वनजमिनीच्या मोजणीत सोमीबाई पुढं चालून तिच्या शेताची हद्द दाखवत होती आणि मी कोपऱ्याकोपऱ्यावर बिंदू नोंदवत होतो. शेवटचा कोपरा म्हणजे तिच्या सासऱ्यानं राखलेला मोह. त्याच्या दाट पानांखाली यंत्राला उपग्रह सापडेनात. अशा वेळी धीर धरून थांबायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण दसऱ्यानंतरचं ऊन मी म्हणत होतं. मी वीस पावलं मागं शेतात सरकलो आणि तिथलाच बिंदू घेतला.

"दादा, झाड आलं ना त्यात?"

"आलं," मी म्हणालो. मी उपग्रहांवर विसंबलो होतो आणि ती माझ्यावर.

नकाशा मंजूर झाला, मोह हद्दीबाहेर राहिला. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यासाठी तो तोडायला माणसं आली, तेव्हा सोमीबाई म्हणे बुंध्याला धरून सांगत होती, "मोजणीवाल्या दादाला विचारा. झाड माझं आहे."

मला कुणी विचारलं नाही. यंत्रावर अजून एक ओरखडा नाही.