बादलीवरची पेन्सिलची रेघ

घुग्घुसला पांढरी भिंत एक उन्हाळाभरही पांढरी राहत नाही. कोळशाचा ट्रक गेला की काळी धूळ खिडकीच्या फटीतून आत येऊन बसते. म्हणून मागच्या वर्षी आम्ही समोरच्या खोलीला टेराकोटा द्यायचं ठरवलं, भाजलेल्या मातीसारखा उबदार रंग. रंगारी नवऱ्याच्या ओळखीचा. खाणीत पहिली पाळी करून दुपारी रंगाची कामं घ्यायचा. त्या वेळी मी शाळेत शिकवायला, नवरा कामावर आणि घरात फक्त सासूबाई.

कामाच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आले तर एकच भिंत झाली होती आणि बादली अर्ध्याच्या खाली गेली होती.

"भाऊ, एका भिंतीले एवढा रंग लागते?"

"भिंत पिते, बाई," रोलर न थांबवता तो म्हणाला.

प्रायमर मारलेली भिंत इतकी पिते, हे मला पटेना. तिसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मी बादलीच्या आत रंगाच्या पातळीवर पेन्सिलनं रेघ मारली. संध्याकाळी पातळी बरीच खाली होती, काम मात्र दाराभोवतीचंच झालेलं. रेघ त्यानंही पाहिली असावी, कारण त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. तो नळावर हात धुवायला गेला तेव्हा मी खिळ्याला अडकवलेली त्याची पिशवी बाहेरून चाचपली. आत जेवणाचा डबा होता, बाकी काही नाही. मागे वळले तर तो दारात उभा. त्यानं पिशवी काढून घेतली आणि गेला.

मी तरीही नवी रेघ मारली.

चौथ्या दिवशी त्याला डबल पाळी लागली, तो आलाच नाही. संध्याकाळी पाहिलं तर रंग रेघेच्या दोन बोटं खाली.

मी मागच्या अंगणात गेले. सासूबाई न्हाणीच्या मागच्या भिंतीपाशी उकिडव्या बसून, जुन्या फडक्यानं भिंत सारवल्यासारखी रंगवत होत्या. पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावच्या घराला त्या दरवर्षी लाल मातीचा पट्टा ओढायच्या. थरावर थर देत अर्धी भिंत झाली होती.

"आई, मले विचारलं काऊन नाही?"

"तू नाई म्हनली असतीस," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "रंगाऱ्यालेबी सांगून ठेवलं होतं, सुनेले बोलू नको म्हनून."

खरंच मी नाही म्हटलं असतं. मी उरलेली भिंत त्यांना पुरी करू दिली.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली. तो आला तेव्हा म्हणाले, "भाऊ, माझी चूक झाली. तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"मले माहीत होतं कोन रंग घेऊन राह्यलं ते."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमच्या सासूबाईनं मना केलं होतं." तो रोलर भिजवू लागला. "रेघ मारली त्याचं काही वाटलं नाई. पिशवी चाचपली, तेवढं वाईट वाटलं."

मी चहा करायला आत गेले. उरलेल्या भिंती त्यानं इतक्या नीट केल्या, की कुठे रोलरचा ठसा दिसत नाही. चहा ठेवला होता, तो तसाच निवला.

यंदा स्वयंपाकघरासाठी फोन केला तर म्हणाला, पाळी बदलली, आता दुपारचं जमत नाही. बदललीही असेल. परवा चौकात मोटरसायकलवर दिसला. मान हलवली, थांबला नाही.