शेवटची ओवर नारळाची

क्रिकेट मले कोणी शिकवलं नाही. कपाशी वेचता वेचता रेडिओवर ऐकत गेले, शिकत गेले. पण आमच्या गावच्या टीमचा कायदा त्या रेडिओवर कधी ऐकला नाही. मॅचच्या आधी बॉलिंग करणारे सगळे स्टंपापाशी आपापला नारळ फोडतात. ज्याचा सगळ्यात गोड निघाला, शेवटची ओवर त्याची. हसू नका, खरं सांगून राह्यले.

माझा पोरगा वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. तिशी ओलांडली, पण रोज सकाळी कामावर जायच्या आधी खळ्यात माझी जुनी चप्पल ठेवायचा आणि तिच्यावर यॉर्कर टाकायचा. दहातले सात तरी चपलेवर. एकच ध्यास, फायनलची शेवटची ओवर एकदा आपल्याला मिळावी.

गेल्या वर्षी डोणगावच्या फायनलसाठी त्याचा नारळ मीच आणला. घाईत होते, हलवून पाहिला नाही. फोडला तर आत काळा, सडका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही बायका बसलो होतो, तिथपर्यंत वास आला.

दहा ओवरची मॅच. पोराच्या पहिल्या ओवरमध्ये तीनच रन, वर एक दांडी गुल. शेवटी समोरच्यांना सहा बॉलात सहा रन हवे होते आणि पोराची एक ओवर बाकी होती. तो हात पुसत पुढं आला. कॅप्टन, म्हणजे माझाच पुतण्या, त्यानं बॉल दुसऱ्याच्या हातात दिला.

मी तिथूनच ओरडले, "काऊन बे, याची ओवर हाय ना?"

"काकू, नारळ तुमचाच सडका निघाला. मी काय करू?"

"मंग बॉल टाकू राह्यला का नारळ?"

सगळं मैदान हसलं. पोरगा मान खाली घालून बाउंड्रीवर गेला.

आता त्या गोड नारळवाल्याची ओवर ऐका. पहिलाच फुलटॉस, चौका. पुढचे चार बॉल कुठंही पडले, बॅट्समननं डोळे मिटून बॅट फिरवली, एकही लागला नाही. शेवटच्या बॉलवर दोन हवे. पुन्हा फुलटॉस! त्यानं सरळ असा हाणला, की चौकाच. पण बॉल थेट पळत निघालेल्या, अंग चुकवायला वळलेल्या जोडीदाराच्या पाठीवर आदळला आणि बॉलरच्या पायाशी येऊन पडला. यानं उचलला, स्टंप उडवले. जिंकलो.

गुलाल उधळला, जो तो म्हणे, "काय डोकं लावलं बे कॅप्टननं!" पुतण्या छाती फुगवून माझ्यापुढं उभा. "काकू, कॅप्टनले आतून समजते."

"त्या पोट्ट्याची पाठ कुठं येईल, हेही समजलं होतं का रे तुले?"

तो नुसता हसला. गुलालाचं तोंड घेऊन गेला. त्या सडक्या वासानं आली नाही एवढी किळस मले त्या हसण्याची आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यातून आवाज नाही. चप्पल दारात आणून ठेवलेली. "आई, घे, मले आता लागत नाही."

यंदाच्या फायनलच्या आदल्या दिवशी मी जानेफळच्या बाजारात गेले होते. किराण्याच्या दुकानात पोरगा उभा. एक नारळ कानाशी धरून हलवायचा, ठेवायचा, दुसरा उचलायचा. डोळे मिटून ऐकत होता, यॉर्कर टाकायच्या आधी मिटायचा तसेच. मी हाक मारली नाही. तशीच मागं फिरले.